कतारगामची चावी



गेल्या रविवारी घरच्या ग्रुपवर मी एका जुन्या चावीचा फोटो टाकला. पितळी चावी, बोटभर लांब, कडीत काळा दोरा. खाली लिहिलं, "जुन्या घराची चावी, कतारगाम." सूनबाईंनी अंगठा दिला, मुलाने हात जोडले, आणि पुण्याला शिकणाऱ्या नातीने विचारलं, "आजोबा, हिची गोष्ट काय?" मी उत्तर दिलं, "काही नाही गं, जुनी आहे म्हणून ठेवली."

ते खोटं होतं. रात्री नीट झोपही लागली नाही. म्हणून आज खरी नोंद करतो आहे. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

मला वस्तूंचे फोटो काढायचा नाद आहे, हे इथल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहेच. अडकित्ता, फिरकीचा तांब्या, रॉकेलचा स्टोव्ह, रेशनकार्डाचं प्लास्टिकचं पाकीट, काही म्हणून सोडत नाही. आमची ही म्हणते, "माणसांचे फोटो काढा की जरा!" पण या नादाचं मूळ माणसांच्या फोटोंतच आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून पाणी सोडलं आणि तापी सुरतेत शिरली. तेव्हा आम्ही कतारगामला तळमजल्यावर भाड्याने राहत होतो. तीन दिवसांनी दार उघडलं, तर लग्नाचा अल्बम, मुंजीचे फोटो, वडिलांचा एकुलता एक फोटो, सगळ्याची मिळून एक वीट झाली होती. पानं सोडवायला गेलो, तर चेहरे समोरच्या पानाला चिकटून निघाले. पाट, तांब्या, अडकित्ता मात्र गाळातून धुऊन काढले आणि जसेच्या तसे राहिले. त्या दिवशी मनात आलं, माणसं गेली की वस्तूच साक्षीला उरतात. पण साक्षीदाराला बोलतं करावं लागतं, नाहीतर ती नुसती अडगळ.

बँकेत आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं की व्हाउचरवर नुसती रक्कम लिहून चालत नाही, ती कशाबद्दल हे लिहिलंच पाहिजे. नॅरेशन नसलेली नोंद ऑडिटवाला लाल शाईने घेरायचा. वस्तूंच्या फोटोंनाही मी तोच नियम लावला. वस्तू काय, कोणाकडून आली आणि तिच्यामुळे काय घडलं, निदान एवढ्या तीन ओळी खाली हव्यातच.

नमुना म्हणून माझा पहिला फोटो सांगतो. बँकेचं पितळी टोकन, गोल, मधे आकडा कोरलेला. कॅश काउंटरवर चेक दिला की हे टोकन हातात मिळायचं आणि नंबर पुकारेपर्यंत माणूस ते मुठीत घट्ट धरून बसायचा. आमच्या शाखेत एका म्हातारबाबांनी टोकन घरी नेलं, पैसे न घेताच. दुसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "साहेब, वाटलं हाच पैसा." आम्ही सगळे हसलो. आज ते हसणं आठवतं आणि लाज वाटते. पितळेच्या एका चकतीवर त्यांनी केवढा विश्वास टाकला होता! टोकन पद्धत गेली, तेव्हा साहेबांना विचारून एक रद्द टोकन मी ठेवून घेतलं. फोटो टोकनाचा आहे, नोंद त्या म्हातारबाबांची आहे.

अशा साध्या वस्तूंचं मोल आपल्याकडे फार आधी ओळखलं ते पुण्याच्या दिनकर केळकरांनी. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारा हा माणूस गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, वज्र्या, फण्या, दौती, कुलपं गोळा करत राहिला. लोक तलवारी आणि नाणी जमवत असताना यांनी स्वयंपाकघर आणि माजघर जमवलं. वीस हजारांवर वस्तू झाल्या. संग्रहाला नाव दिलं ते लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं. ट्रेनिंगला पुण्याला गेलो होतो, तेव्हा एका सुटीच्या दिवशी तिथे गेलो. दारावरचं ते नाव वाचलं आणि आतल्या प्रत्येक दिव्याकडे बघण्याची माझी नजर बदलली. एका बापाने मुलाच्या नावाने अख्ख्या महाराष्ट्राचं घर मांडून ठेवलंय.

आता माझ्या कतारगामकडे येतो. बाहेरच्या लोकांना कतारगाम म्हटलं की हिरेच आठवतात. पण गेल्या दिवाळीत नात आली, तेव्हा मी तिला आधी कतारगाम दरवाज्याजवळच्या इंग्रज कबरस्तानात नेलं. रिक्षा, टेम्पो आणि हॉर्नच्या गर्दीत अचानक घुमट दिसतात. लांबून एखाद्या नवाबाचा मकबरा वाटावा. जवळ जाऊन वाचलं की कळतं, ही ऑक्झिंडेन बंधूंची कबर. धाकटा ख्रिस्तोफर १६५९ साली गेला, थोरला सर जॉर्ज १६६९ साली. हा जॉर्ज म्हणजे शिवाजी महाराज जानेवारी १६६४ मध्ये सुरतेवर आले, तेव्हा इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख होता. मुघल सुभेदार किल्ल्यात जाऊन बसला आणि याने आपली वखार राखली. पुढे मुंबई बेट कंपनीच्या ताब्यात आलं, तेव्हा कंपनीच्या वतीने मुंबईचा पहिला गव्हर्नरही हाच.

नातीने विचारलं, "आजोबा, म्हणजे आपण यांना लुटलं की यांनी आपल्याला?" मंडळी, सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला हा प्रश्न आयुष्यभर पुरतो. शाळेत आपण सुरतेची स्वारी अभिमानाने शिकलो आणि इथे शेजारी गमतीत म्हणतात, "तुम्ही लोक परत आलात का?" मी नातीला म्हटलं, "उत्तर नंतर देतो, आधी याच घराण्यातल्या आणखी एकाची गोष्ट ऐक."

त्याचं नाव हेन्री ऑक्झिंडेन. जॉर्ज गेल्यानंतर पाच वर्षांनी, जून १६७४ मध्ये, तो इंग्रजांचा वकील म्हणून रायगडावर होता. राज्याभिषेक त्याने डोळ्यांनी पाहिला आणि लिहून ठेवला. त्याच्या टिपणात मला सगळ्यांत मोलाची वाटते ती वस्तूंची नोंद. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोन्याचा मुलामा दिलेल्या भाल्यांवर काय काय होतं, ते त्याने बारकाईने टिपलं. एकीकडे मोठ्या दातांच्या सोन्याच्या माशांची डोकी, दुसरीकडे घोड्यांच्या शेपट्या, आणि एका भाल्याच्या टोकावर समतोल सोन्याचा तराजू. तराजू म्हणजे न्यायाची खूण, हेही त्याने लिहिलं. नारायण शेणवी नावाचा दुभाष्या होता. महाराजांना नजर करायची हिऱ्याची अंगठी त्याने सगळ्यांना दिसेल अशी वर धरली होती.

विचार करा. हजारो माणसं त्या दिवशी गडावर होती. तराजू सगळ्यांनी पाहिला असेल. तो कशासाठी होता हे एका परक्या माणसाने दोन ओळींत टिपलं, म्हणून साडेतीनशे वर्षांनी मी कतारगामात बसून ते तुम्हाला सांगू शकतो. तेव्हा कॅमेरा नव्हता. नजर होती आणि नोंद करायची सवय होती.

तिथून थोड्याच अंतरावर डच लोकांचं कबरस्तान आहे. त्यात व्हान रीड या डच अधिकाऱ्याची मोठी घुमटाची कबर आहे. इंग्रजांच्या कबरीवर ताण करायला डचांनी ती एवढी मोठी बांधली, असं सांगतात. मेल्यावरही चढाओढ! हा माणूस १६९१ साली कोचीनहून सुरतेला येताना जहाजावर वारला. मलबारमधल्या झाडापाल्यावर याने 'होर्टस मलाबारिकस' नावाचा ग्रंथ करवून घेतला. १६७८ पासून ॲमस्टरडॅमला छापलेले बारा खंड आणि सातशेच्या वर वनस्पती. त्यातली चित्रं बघा. प्रत्येक झाडाचं नाव चित्रातच लिहिलंय, रोमन, मल्याळम आणि अरबी लिपीत, आणि आपल्या नागरीतही. रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी या कामात मदत केली होती. त्यांचं नागरी लिपीतलं, कोकणी भाषेतलं प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात छापलेलं आहे. १६७८ साली युरोपात छापलेल्या पुस्तकात आपली अक्षरं! आणि ते करवून घेणारा माणूस आमच्या दूधवाल्याच्या रस्त्यावर झोपलेला आहे. त्याने प्रत्येक पानाखाली नाव घातलं, नाहीतर ते नुसतं हिरव्या पानांचं चित्र राहिलं असतं.

परत येताना नातीला मी हिऱ्याची रिकामी पुडी दाखवली. चौकोनी कागदाच्या पाच-सहा घड्या, आत पातळ निळसर कागद, वर पेन्सिलीने वजन. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, त्याचे शंभर सेंट. लाखोंचा माल अशा पुडीत शर्टाच्या खिशातून फिरतो. महिधरपुऱ्यात आणि वराछाच्या मिनी बाजारात लोक रस्त्यावर उभे राहून पुड्या उघडतात, भिंगातून बघतात आणि तोंडी व्यवहार करतात. माझं बँकेतलं आयुष्य सह्या तपासण्यात गेलं, त्यामुळे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला घाम फुटला होता. आणि जिथे हिरा घासतात ती घंटी! तिच्याभोवती चार-चार माणसं मान खाली घालून बसलेली. मोहरीएवढ्या दाण्यावर सत्तावन्न पैलू पाडायचे, तेही पिसावर, म्हणजे नगावर मजुरी. इथे त्यांना रत्नकलाकार म्हणतात. शब्द मोठा सुंदर आहे, पण मंदी आली की पहिली सुटी त्या कलाकारालाच मिळते.

आणखी एक फोटो आहे, त्यात वस्तू जवळजवळ नाहीच. चार बोटं रुंद जरीचा तुकडा. खरी जर म्हणजे रेशमावर गुंडाळलेली चांदीची तार, तिच्यावर सोन्याचा मुलामा. हे काम सुरतेचं. येवल्याच्या पैठणीलाही जर इथूनच जाते. १९७२ च्या दुष्काळात आमच्या अमळनेरकडच्या घरी जुनी जर विकत घेणारा फेरीवाला आला आणि आईने लग्नाच्या शालूचे काठ कापून दिले. आलेल्या पैशांत माझी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची फी भरली. मला हे कळलं ती गेल्यावर, ट्रंकेत हा उरलेला तुकडा सापडला तेव्हा. सुरतेची जर चांदी होऊन कदाचित सुरतेलाच परत आली असेल, आणि तिच्या मागोमाग मी आलो नोकरीला.

आता चावी.

सप्टेंबर १९९४. गणपती विसर्जन होऊन दोन-तीन दिवस झाले होते. आधी पूर येऊन गेला होता, गल्ल्यांत चिखल होता, मेलेली जनावरं पडलेली. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेग निघाल्याचं पेपरात वाचलं होतं, पण बीड कुठे आणि आपण कुठे! मग एका रात्री बातमी फुटली, सुरतेत प्लेग, तोही फुफ्फुसाचा. आणि सगळ्यांत जास्त रोगी वेड रोड आणि कतारगाम भागातले. म्हणजे आमच्याच दारात.

ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना सांगायला नको. टेट्रासायक्लिनच्या कॅप्सुला मिळेनात. बरेच खाजगी दवाखाने बंद. स्टेशनवर डब्यांच्या टपावर माणसं. काही दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडलं. मृतांचा आकडा शेवटी पन्नासाच्या आसपास राहिला, पण तो नंतर कळलेला आकडा. त्या रात्री ज्याच्या त्याच्या डोक्यात आजी-पणजीने सांगितलेला जुना प्लेग होता.

बँकेच्या तिजोरीला दोन चाव्या असतात, दोन अधिकाऱ्यांकडे. एकाला एकट्याने तिजोरी उघडता येत नाही. माझ्याकडची चावी मी रीतसर रजिस्टरमध्ये नोंद करून, सही घेऊन, मागे राहणाऱ्या सहकाऱ्याला दिली. मग घरी आलो, मुलांना उचललं, कुलूप लावलं आणि घराची चावी शेजारच्या बांच्या हातात कोंबली. बा म्हणजे काठियावाडकडच्या, साठीच्या. मुलगा घंटीवर बसायचा, सून आठव्या महिन्यात. त्यांना कुठे जाता येणार? मी कुठे जातो, कधी येणार, हेही बोललो नाही. बा म्हणाल्या, "लावो भाई, चिंता नो करता."

ताप्ती लाइनच्या गाडीने गावी पोचलो. तिथे चुलत भावाने ओसरीवरच अंथरुणं टाकली. पाण्याचा तांब्या वेगळा. जेवणाची ताटं लांबून सरकवली. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची, ती घरात पळत गेली तर वहिनी ओरडली. आमची ही रात्रभर रडली. मी मनात म्हटलं, हे विसरायचं नाही.

सोळा दिवसांनी परत आलो. गल्लीत चुन्याचे पट्टे मारलेले, शुकशुकाट. आमच्या दाराशी तुळशीपाशी पणतीत ताजं तेल होतं. बा रोज संध्याकाळी तिथे दिवा लावत होत्या. त्या लगबगीने बाहेर आल्या, पदराच्या गाठीतून चावी काढली आणि हात पुढे केला.

आणि मी म्हणालो, "बा, खाली ठेवा."

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग वाकल्या, चावी ओट्यावर ठेवली आणि आत गेल्या. मी रुमालाने चावी उचलली, जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवली आणि मग कुलूप उघडलं. भावाने ओसरीवर जे केलं ते विसरायचं नाही म्हणणारा मी, सोळा दिवस माझं घर राखणाऱ्या बाईशी तेच केलं.

नंतर सगळं सुरळीत झालं. पुढच्या वर्षी एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त म्हणून आले आणि त्यांनी शहर असं काही धुऊन काढलं की लोक बाहेरून बघायला यायला लागले. बांच्या सुनेला मुलगा झाला. आमच्याकडून बाळाला टोपडं-झबलं गेलं, त्यांच्याकडून सुखडी आली. बा माझ्याशी कधी तुटकपणे वागल्या नाहीत. २००६ च्या पुरातही आम्ही दोन्ही घरं वरच्या मजल्यावर एकाच चुलीवर जेवलो. त्या दिवसाचा विषय मात्र ना त्यांनी काढला, ना मी. त्या २०११ साली गेल्या. आमच्या घरात १९९४ ची गोष्ट सांगितली जाते ती एवढीच, "तेव्हा आम्ही रजा घेऊन गावी गेलो होतो."

या मंगळवारी मी बांच्या नातवाकडे गेलो, जो त्या वेळी पोटात होता त्याच्याकडे. आता त्याच्या स्वतःच्या चार घंट्या आहेत. चावी त्याच्यासमोर टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. ऐकून तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दादा, बा तो कायम केता के मराठी भाईए एना सगाने नै, मने चावी आपी'ती." मराठी भाऊने आपल्या नातलगांना न देता मला चावी दिली होती, हे बा आयुष्यभर कौतुकाने सांगत होत्या. खाली ठेवल्याचं त्यांनी घरात कोणाला सांगितलंच नव्हतं.

मंडळी, मी कॉमर्सचा माणूस. दुहेरी नोंद शिकलो, शिकवली. एकाच व्यवहाराची एक बाजू नावे आणि दुसरी जमा. पण एका चावीची माझ्याकडे तीस वर्षं नावेला असलेली रक्कम बांच्या वहीत जमेला लिहिलेली असेल, हे मला कोणत्याही परीक्षेत सुचलं नसतं. आणि ती त्यांनी न बोलता जमेला घातली, म्हणून माझं देणं फिटलं असंही मी समजत नाही.

नातीला कबरस्तानातल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. ते आता देतो. बेटा, लुटलं कोणी आणि राखलं कोणी, याची एक बाजू आपल्या वहीत असते आणि दुसरी शेजाऱ्याच्या. दोन्ही वह्या उघडल्याशिवाय हिशोब जुळत नाही. बँकेच्या तिजोरीला म्हणूनच दोन चाव्या असतात.

आता चावीखालची नोंद दुरुस्त करून पुन्हा लिहितो:

पितळी चावी, कतारगामच्या भाड्याच्या घराची. सप्टेंबर १९९४ मध्ये सोळा दिवस शेजारच्या बांच्या पदरात होती. परत घेताना मी ती त्यांना जमिनीवर ठेवायला लावली.

सोबतचा फोटो नवा आहे. ज्या तळहातावर चावी आहे, तो बांच्या नातवाचा.

तुमच्याही कपाटात अशी एखादी वस्तू असेल. फोटो काढाच, पण खाली लिहाही. आणि जे लिहायला हात अडखळतो, ते आधी लिहा.

आपला,
एक निवृत्त बँकवाला, कतारगाम, सुरत